भिंतीची दोन तोंडं

अर्धी भिंत उभी होती. बाहेरचं तोंड पूर्ण कोसळलेलं, आतलं तोंड जागेवर, आणि दोहोंच्या मध्ये भरलेली खडी-माती फाटक्या पोत्यातून धान्य सांडावं तशी खाली ओघळलेली. आतल्या तोंडावर लसीकरणाचं पोस्टर अजून चिकटून होतं. नेपाळच्या सिन्धुपाल्चोक जिल्ह्यात, बलेफी नदीच्या वरच्या डोंगरातल्या तामाङ समाजाच्या एका वस्तीची ही स्वास्थ्य चौकी, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात पडलेली. मी २०१७च्या जानेवारीअखेर तिथे पोचले, तोवर ती भिंत पावणेदोन वर्षं तशीच होती. मी पाठीवरची सॅक उतरवली आणि तिच्यासमोर बसले. ती मला ओळखीची होती.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात सगळी घरं अशीच होती. दोन-अडीच फूट जाड दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढत गेलेला मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बुडवून गाव झोपलेलं असताना, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी ते सगळं खाली आलं. मी नऊ वर्षांची होते. अंगणातल्या बाजेवर झोपले होते म्हणून राहिले. आजी आत होती.

पुढे स्थापत्य शिकले, तेव्हा किल्लारीचा भूकंप रिश्टरच्या मापात साडेसहाच्याही आतला होता हे वाचून मला राग आला होता. हिमालयाच्या हिशेबानं हा काही राक्षसी भूकंप नव्हे. माणसं मारली ती भिंतींनी. जाड भिंत दणकट दिसते, पण ती एक भिंत नसतेच. पाठीला पाठ लावून उभ्या दोन भिंती असतात, आणि मधल्या फटीत खडी-माती कोंबलेली असते. जमीन हलली की ती माती खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते, तोंड फुगतं, फुटतं, आणि वरचं माळवद टेकायला जागा न उरल्यानं थेट झोपलेल्या माणसांवर येतं. उपाय जुना आणि साधा आहे. ठरावीक अंतरावर भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार पोचणारा एकेक लांब दगड घालायचा, आणि जोतं, खिडकीचा तळ, लिंटेल आणि छत या चार पातळ्यांवर सळईची पट्टी पूर्ण इमारतीभोवती कंबरपट्ट्यासारखी फिरवायची.

नेपाळला जायचं कारण एवढंच. पुण्यात मी रोज बारा-बारा मजली इमारतींची गणितं करते, पण हा दगड मी स्वतःच्या हातानं कुठल्याच भिंतीत घातला नव्हता.

एका वर्गमित्रानं काठमांडूतल्या एका छोट्या संस्थेशी गाठ घालून दिली. तिथल्या नेपाळी डॉक्टर आणि इंजिनियर मंडळींनी फोनवर हिंदीत मला तीनच गोष्टी विचारल्या. दगडी बांधकामाचं प्रत्यक्ष काम केलंय का? दोन तास चढण चढता येते का? आणि तीन महिने सलग राहणार का? पहिल्याचं उत्तर मी खरं दिलं: मराठवाड्यात जुन्या भिंती मजबूत करण्याच्या कामावर एक वर्ष देखरेख केली आहे, थापी मात्र धरलेली नाही. दोन-तीन आठवड्यांसाठी येणारी माणसं आम्हाला आता नको आहेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. त्यांना संस्थेच्या नोंदवहीतली नावं वाढवायची नव्हती, रोज भिंतीजवळ उभं राहणारं माणूस हवं होतं. ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली. प्रवास माझा, राहणं-जेवण गावात एका घरी, मानधन नाही.

भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे परदेशी निघाल्यासारखं वाटतच नाही. पुण्याहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून जीपनं सुनौली, कमानीखालून चालत पलीकडे. घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे करायचं. काठमांडूच्या जुन्या बसपार्कवरून बाह्रबिसेची बस पकडली, दोलालघाटला इंद्रावती आणि सुनकोशी एकमेकींना भेटताना बघितल्या, बलेफीला उतरले आणि तिथून जीप, मग पाय.

मी जिच्या घरी राहिले, तिला सगळे घरबेटी आमा म्हणत. घरबेटी म्हणजे घरमालकीण. ती गावची महिला स्वास्थ्य स्वयंसेविका होती. आपल्याकडे आशाताई २००५ नंतर आल्या. नेपाळात या स्वयंसेविका १९८८पासून आहेत. खुंटीवर तिची निळी पिशवी टांगलेली असे. त्यात जीवनजल म्हणजे जलसंजीवनीच्या पुड्या, लोहाच्या गोळ्या, आणि कोण बाई कितव्या महिन्यात आहे याची वही. भूकंपाच्या दिवशी ती शेतात होती. शनिवार, शाळेला सुट्टी, दुपारची वेळ, अकरा वाजून छप्पन्न मिनिटं. मी तिला म्हटलं, आमच्याकडेही छप्पन्नच, फक्त पहाटेचे तीन. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ताटात आणखी ढिँडो वाढला. ढिँडो म्हणजे नाचणीची घट्ट उकड. नाचणीला तिथे कोदो म्हणतात, आणि आपल्या कोद्र्याशी त्याचा काही संबंध नाही, हे समजायला मला दोन जेवणं लागली. त्या भूकंपात नेपाळात जवळपास नऊ हजार माणसं गेली. त्यातली सर्वात जास्त याच जिल्ह्यातली, साडेतीन हजारांच्या आसपास. ४००हून अधिक सरकारी आरोग्य केंद्रं जमीनदोस्त झाली. हे आकडे मी येण्याआधी पाठ केले होते. आमाच्या वहीत त्यातली तीन नावं होती, तिघीही गरोदर.

पाया माझ्या येण्याआधी भरून झाला होता. नकाशा मी पुण्यातूनच करून पाठवला होता: ओळीनं तपासणी, औषधं, प्रसूती, साठवण, आणि पुढे पडवी. पहिल्या आठवड्यात आम्ही जोत्याची पट्टी ओतली. सळई कोपऱ्यात तोडायची नाही, वळवून पलीकडच्या भिंतीत दोन फूट न्यायची, एवढ्या एका गोष्टीसाठी मी दिवसभर चारही कोपऱ्यांवर फिरत होते. पट्टी सुरेख झाली. मग अनमी दिदी बघायला आली.

अनमी म्हणजे आपली एएनएम, गावची सिस्टर. पत्र्याच्या शेडमध्ये पावणेदोन वर्षं तिनं एकटीनं बाळंतपणं केली होती. हिवाळ्यात रात्री पत्र्यावरून दवाचं पाणी टपकायचं, म्हणून ती बाळाला आधी स्वतःच्या स्वेटरमध्ये घ्यायची. ती जोत्यावर चढली, खोल्यांमधून चालली आणि प्रसूतीच्या खोलीत थांबली. म्हणाली, दार इथे? पडवीत?

मी म्हटलं, हो.

मग तिनं मला जे विचारलं, ते मी एकाही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पडवीत सासरा बसलेला असेल, गावातली पोरं बसलेली असतील, त्यांच्यासमोरून कळा देणारी बाई आत कशी जाईल? ती ओरडायची थांबेल. जी ओरडायला लाजते ती पुढच्या खेपेला येतच नाही. तीन तास चालून येणारी बाई आदल्या दिवशीच येते, तिच्यासोबत आलेली आई किंवा सासू झोपणार कुठे? पाणी तापवायचं कुठे? आणि साल कुठे पुरायची? साल म्हणजे वार. तिच्यासाठी झाकणाचा खोल खड्डा हवा, कुत्री उकरणार नाहीत असा, आणि पाण्याच्या झऱ्यापासून लांब.

माझ्या नकाशात यातलं काहीही नव्हतं. भिंत पडू नये याचा मी इतका विचार केला होता की भिंतीच्या आत कोण असणार, हे त्या बाईला विचारायचं राहून गेलं. एक फोन पुरला असता. ही चूक माझी, आणि तिची किंमत इतरांनी मोजली. प्रसूतीची खोली टोकाच्या साठवणीच्या जागी नेली, तिला मागून स्वतंत्र दार दिलं. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या सळया लागतात, त्या पायातून यायला हव्यात. म्हणून नुकतीच ओतलेली पट्टी दोन ठिकाणी छिन्नीनं फोडून, आतली सळई उघडी करून, नव्या सळया तिला बांधल्या. दार कोपऱ्यापासून दोन फुटांपेक्षा जास्त दूर ठेवलं. सासूसाठी आणि चुलीसाठी एक छोटी खोली मागच्या अंगाला वाढवली, तिचा पाया नव्यानं खणला. अकरा दिवस गेले. कुणी मला एक शब्द बोललं नाही. मला वाटतं, बोललं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी काम थांबलं की मी अनमी दिदीला जोत्यावर बोलावत असे. ती जमिनीवर खडूनं पलंग काढायची, बादली काढायची, स्वतः उभी राहायची ती जागा काढायची.

गवंड्याला तिथे डकर्मी म्हणतात. आमचे मुख्य डकर्मी साठीच्या पुढचे, सगळे त्यांना बा म्हणत, मीही बा म्हणू लागले. तरुण डकर्मी गावात जवळजवळ नव्हतेच. कतार आणि मलेशियाहून पैसे यायचे, माणसं यायची नाहीत. म्हणून दगड फोडायला दोन म्हातारे, आणि बांधायला पाच बायका. भूकंपानंतरच्या प्रशिक्षणात थापी हातात घेतलेल्या. सिमेंटची पन्नास किलोची पिशवी डोकोत घालून, कपाळावर नाम्लोचा पट्टा, अशा त्या चढण चढायच्या. डोको म्हणजे पाठीवरची शंकूसारखी बांबूची टोपली. पहिल्या दिवशी मी एक अर्धी पिशवी उचलायला गेले तेव्हा त्यांच्यातली एक हसून म्हणाली, "बिस्तारै, बहिनी, बिस्तारै." सावकाश. मी पिशवी खाली ठेवली आणि ओळंबा हातात घेतला.

बांना आरपार दगड माहीत होता. त्यांच्या आजोबांच्या काळच्या घरात ते असायचे, असं ते म्हणाले. मग लांब दगड मिळेनासे झाले, मजुरी वाढली, आणि ज्याचं घर त्यालाही घाई असायची. दीड फुटी भिंतीला दीड फूट लांबीचा चांगला दगड शोधायला एक माणूस अर्धा दिवस घालवतो, आणि एकदा भिंत चढली की तो दगड घातला की नाही हे कुणालाही दिसत नाही. आमच्या गावातही हेच झालं असणार.

दगड पुरेसे मिळेनात, तेव्हा मराठवाड्यातला उपाय कामी आला. किल्लारीनंतर न पडलेल्या घरांच्या भिंतींना आरपार भोकं पाडून, त्यात आकड्याची सळई ठेवून काँक्रीट भरत असत. इथे भिंत नवीनच होती, म्हणून आम्ही फळ्यांच्या साच्यात दीड फूट लांबीचे काँक्रीटचे ठोकळे आधीच ओतून ठेवले, प्रत्येकाच्या पोटात एक सळई. दर दोन फूट उंचीला, आडवे चार-चार फुटांवर एक. खरा दगड मिळाला तर दगड, नाही तर ठोकळा. बांना ठोकळे पसंत नव्हते. पण पहिल्या रांगेनंतर त्यांनी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एका ठोकळ्यावर तळहात ठेवले, एक हात या तोंडावर, एक त्या तोंडावर, आणि म्हणाले, "एउटै भित्ता." एकच भिंत.

त्यांनीच पुढे सुचवलं की आरपार दगडांची टोकं गिलाव्यात झाकायची नाहीत. दोन्ही बाजूंना लाल रंगानं खूण ठेवायची. कुणालाही मोजता आली पाहिजेत. दीडशेच्या वर भरली.

पाण्याचं मात्र रोज भांडण होतं. भूकंपानंतर डोंगरातले झरे हलले, काही आटले, काही खाली उतरले. सिमेंटला किमान आठवडाभर ओल हवी, आणि ते पाणी बायकाच वाहून आणणार, पाऊण तासाच्या अंतरावरून, घरचं पाणी भरून झाल्यावर. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आई एक घागर चार वेळा वापरायची हे मी बघितलेलं. आता मीच उभी राहून भिंतीवर पाणी ओता म्हणत होते. बारदान भिजवून भिंतीवर पांघरायचं, वर प्लास्टिक, आणि पाणी फक्त उन्हं उतरल्यावर, असं ठरलं. निम्म्या पाण्यात भागलं. शेवटी गावानं वरच्या झऱ्यापासून काळा पाइप टाकला. त्याला आठ दिवस लागले आणि प्रत्येक घरातून एक माणूस आलं. ते त्याला पर्म म्हणतात: आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. आमच्याकडे सावड म्हणतात. मोफत कामाला मात्र दोन्हीकडे एकच शब्द आहे, श्रमदान.

मार्चमध्ये एका दुसऱ्या संस्थेनं आठ दिवसांसाठी पंधरा विद्यार्थी पाठवले, लांबच्या देशांतले. मुलं मनापासून राबली. त्यांना भिंत बांधायची होती, कारण त्यासाठीच ती एवढ्या लांबून आली होती. त्यांच्या म्होरक्यानं हट्ट धरला आणि मी एक तुकडा दिला, औषधांच्या खोलीच्या खिडकीखालचा. मुलं गेल्यावर बांनी त्या भिंतीला थापीच्या दांड्यानं हळूच ठोकलं. पोकळ आवाज आला. दोन तोंडं, मध्ये भर. बायकांनी ती सकाळी उतरवली आणि दुपारी पुन्हा बांधली. याच मुलांनी उरलेल्या दिवसांत वाळू चाळली, दगड आकारानुसार लावले, आणि ते काम इतकं चांगलं झालं की पुढचे दोन आठवडे आम्हाला दगड शोधावा लागला नाही. ज्याला भिंत येत नाही त्याच्या हाती दवाखान्याची भिंत देऊ नये, मग तो कितीही प्रेमानं आलेला असो. मी त्या म्होरक्याला नाही म्हणायला हवं होतं.

कागदांचंही एक प्रकरण झालं. जमीन एका कुटुंबानं दान दिली होती, लालपुर्जा म्हणजे जमिनीचा दाखला नावावर करून घ्यायचा होता, आणि गाविसच्या, म्हणजे गाउँ विकास समितीच्या, सचिवाची सही राहिली होती. तेवढ्यात १० मार्चला या समित्या देशभर एकदम रद्द झाल्या आणि त्यांच्या जागी गाउँपालिका आल्या. शिक्का बदलला, कार्यालय दुसऱ्या गावात गेलं. वीस वर्षांत न झालेल्या स्थानिक निवडणुका मे महिन्यात होणार होत्या, त्यामुळे सही करायला कुणीच धजेना. स्वास्थ्य चौकी सरकारची, कर्मचारी सरकारचे, औषधं जिल्हा जनस्वास्थ्य कार्यालयाची. कागद पूर्ण नसेल तर उद्या बांधून झालेल्या इमारतीत सिस्टर बसणार नाही. घरबेटी आमा चार वेळा डोंगर उतरली, चारही वेळा मी सोबत होते, आणि चौथ्या वेळी सही मिळाली.

लालीगुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलले होते तेव्हा आम्ही छताची पट्टी ओतली. वरचे त्रिकोण दगडात न बांधता पत्र्याचे केले. भूकंपात सर्वात आधी पडतो तो वरचा दगडी त्रिकोण, हे बांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या घराचा तोच पडला होता.

१२ वैशाखला, भूकंपाला दोन वर्षं झाली त्या दिवशी, काम बंद होतं. गावानं दिवे लावले. मला वाटलं होतं की बायका रडतील. त्यांनी आधी नावं घेतली, एकेक, आणि मग जेवायला वाढलं. माझी पाळी आली तेव्हा मी आजीचं नाव घेतलं. आमानं ते नाव दोनदा विचारून घेतलं, नीट उच्चारता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. छप्पर बसलं होतं, दारं बाकी होती, मागच्या उताराला धरून ठेवणारी जाळीतल्या दगडांची भिंत निम्मी बाकी होती, सालखड्ड्याचं झाकण ओतून ठेवलं होतं. मी असते तर लवकर झालं असतं असं नाही. बांनी माझा ओळंबा ठेवून घेतला आणि त्यांचा मला दिला. त्यांचा जास्त जड आहे.

जूनच्या शेवटी, असार म्हणजे तिथला आषाढ लागल्यावर, अनमी दिदीचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. प्रसूतीच्या खोलीच्या वर पत्र्यातून थेंब पडत होते. मी फोन करून म्हटलं, स्क्रूखालचे रबरी वॉशर बघा, उन्हानं आखडले असतील, किंवा स्क्रू पत्र्याच्या उंच घडीवर न मारता खोलगट जागी मारलेला असेल. पंधरा मिनिटांनी तिनं सांगितलं, खोलगट जागी आहे, एकच. तिनं खाली बादली ठेवली होती. मागून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, काल रात्री झालं, मागच्या दारानं आली, तिची सासू चुलीपाशी झोपली आहे, आणि तो स्क्रू काढून भोक कशानं बुजवू ते आधी सांग.